गाडी तापवू नका, तेल सांभाळा

हिवाळा तोंडावर आला की मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी एक वाद हमखास रंगतो. सकाळी गाडी किती वेळ तापवायची? कोणी पाच मिनिटे म्हणतो, कोणी पंधरा. "अहो, इंजिनालाही जीव असतो," असे म्हणणारे एखादे काका असतातच. रिमोट स्टार्टर घेतलेली तरुण मंडळी घरात बसूनच बटण दाबतात आणि चहाचा दुसरा कप संपल्यावर बाहेर पडतात. मात्र याच मंडळींना "तेल शेवटचे कधी तपासले?" असे विचारले तर बहुतेक जण एकमेकांकडे पाहतात. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आजच्या पेट्रोल गाडीला उभ्या उभ्या तापवण्याची गरज नाही. त्यात इंधन जाते, तेल बिघडते आणि प्रसंगी माणसाचा जीवही जातो. ज्या तेलाकडे खरे लक्ष द्यायला हवे, त्याकडे मात्र आपण काणाडोळा करतो.

या सवयीला एके काळी सबळ कारण होते, हे आधी मान्य करू. आपल्यातल्या अनेकांनी फियाट आणि अँबॅसिडर चालवल्या आहेत. त्यांना कार्ब्युरेटर असे. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नसे, म्हणून चोक ओढायचा, गाडी सुरू करायची, हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहायचे आणि आवाज एकसारखा झाला की चोक आत ढकलायचा. घाई केली तर गाडी पहिल्याच वळणावर बंद पडे. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत एस.टी.चे ड्रायव्हर पहाटे बस सुरू करून ठेवत, तेही उगीच नव्हे. ही शिकवण आपण सोबत घेऊन आलो आणि पुढच्या पिढीला दिली. पण जिच्यासाठी ती होती ती गाडीच आता राहिलेली नाही. अमेरिकेत १९९० च्या आसपास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. आता हवेचे तापमान, कूलंटचे तापमान आणि धुरातला ऑक्सिजन मोजून किती पेट्रोल सोडायचे ते गाडीतला संगणक ठरवतो. चोक ओढण्याचे काम तोच करतो, आणि आपल्यापेक्षा चांगले करतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला सरळ आहे: हिवाळ्यातही सुमारे ३० सेकंद पुरेत, मग हळूहळू निघावे.

"पण थंडीत तेल घट्ट होते, त्याचे काय?" हा पुढचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे. घरी हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजायची आणि आई ती उन्हात ठेवायची, हे सर्वांना आठवत असेल. इंजिनाचे तेल तसे थिजत नाही, पण घट्ट नक्की होते. म्हणूनच तेलाच्या डब्यावर ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. त्यातला 'डब्ल्यू' हा विंटरचा. पहिला आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत लवकर वाहते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहते ते सांगतो. ०डब्ल्यू तेल पंपाला ओढता येते की नाही, याची कसोटी उणे ४० अंशांवर घेतात, आणि या आकड्यावर फॅरनहाइट व सेल्सिअस एकच असतात. म्हणजे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल घातलेले असेल, तर मिनियापोलिसच्या जानेवारीतही ते सुरू केल्यानंतर काही सेकंदांत वरपर्यंत पोचते. त्यासाठी पंधरा मिनिटे थांबायचे कारण नाही.

उलट या पंधरा मिनिटांत तेलाचे नुकसानच होते. थंड इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. त्यातले सगळे जळत नाही. उरलेले सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरते, जाताना तिथला तेलाचा पातळ थर धुऊन नेते आणि खालच्या तेलात मिसळते. दुसरी गोष्ट पाण्याची. एक गॅलन पेट्रोल जळले की जवळजवळ एक गॅलन पाणी तयार होते. ते बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने खाली उतरते आणि थंड लोखंडावर तिचे पाणी होते. इंजिन चांगले तापून काही काळ तापलेले राहिले, तर हे पेट्रोल आणि पाणी उडून जाते. तसे झाले नाही तर ते तेलातच राहते, आम्ल तयार होते आणि गाळ साचतो. उभ्या गाडीचे इंजिन फार कमी काम करते, म्हणून तापतेही फार हळू. म्हणजे इंजिनाला नकोशी असलेली थंड अवस्था आपण प्रेमाने लांबवत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे सगळे तापले, असेही समजू नये. तो काटा कूलंटचा असतो. तेल त्याच्या मागून, बऱ्याच उशिरा तापते. म्हणूनच दीड-दोन मैलांच्या फेऱ्या तेलाला सर्वांत वाईट. थंडी आणि छोट्या फेऱ्या यांनी काय होते, याचे एक उदाहरण सर्वांसमोर घडले आहे. होंडाच्या १.५ लिटर टर्बो इंजिनाच्या सीआर-व्ही आणि सिव्हिक गाड्यांत, विशेषतः थंड प्रदेशांत, तेलात पेट्रोल मिसळून तेलाची पातळी वाढत असल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये चीन आणि कॅनडातून आल्या. कंपनीला उपाय करावे लागले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत काही मॉडेलची इंजिनाची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी इंजिने आता सर्रास आहेत, तेव्हा हा धडा एकाच कंपनीपुरता समजू नये.

मग करावे काय? गाडी सुरू करावी. काचांवरचे बर्फ पूर्ण खरवडावे, छपरावरचेही झाडावे, पट्टा लावावा आणि निघावे. पहिली दहा मिनिटे मात्र गाडीला सांभाळून न्यावे. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये, घराबाहेर पडताच हायवेवर सत्तरच्या वेगाने धावू नये. सकाळी उठल्याउठल्या कोणी आपल्याला डोंगर चढायला लावला तर कसे वाटेल? पण अंथरुणात अर्धा तास जास्त लोळल्यानेही अंग मोकळे होत नाही. चालू लागलो की होते. इंजिनाचेही तेच आहे.

याला अपवाद आहेत. काच आतून धुरकटली असेल तर ती स्वच्छ होईपर्यंत थांबलेच पाहिजे. समोरचे न दिसता गाडी चालवणे हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. जुनी कार्ब्युरेटरची गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांनी जुनेच नियम पाळावेत. डिझेल ट्रकची गोष्ट वेगळी. आणि उत्तर मिनेसोटा, नॉर्थ डाकोटा किंवा कॅनडातील विनिपेगसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी ब्लॉक हीटर बसवून घ्यावा. निघण्यापूर्वी दोन-चार तास तो विजेवर चालावा म्हणून साधा टायमर पुरतो. इंजिन सुरू न करता इंजिन गरम करण्याचा तो खरा मार्ग आहे.

आता आरोग्याचा मुद्दा. माझ्या मते या विषयात सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, सांगण्यानुसार आगीशी संबंध नसलेल्या अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने अमेरिकेत दर वर्षी चारशेहून अधिक माणसे मरतात आणि एक लाखाहून अधिक लोकांना इमर्जन्सी रूम गाठावी लागते. त्याला भट्ट्या आणि जनरेटरही कारण आहेत, पण मोटारीही आहेत. थंड इंजिनातून हा वायू सर्वांत जास्त निघतो, कारण मिश्रणात पेट्रोल जास्त असते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर स्वतः तापेपर्यंत कामाला लागत नाही. घराला जोडलेल्या गराजमध्ये गाडी तापवणे म्हणजे हा वायू घरात सोडणे. "दार उघडे ठेवतो की!" असे म्हणून चालत नाही. दार उघडे असले तरी वायू भिंतीतल्या फटींतून आणि आतल्या दारातून घरात शिरतो. आपल्याकडे गराजच्या वरची खोली पुष्कळदा पाहुण्यांची असते, आणि पाहुणे म्हणजे भारतातून आलेले आई-बाबा. सकाळी आईचे डोके दुखते, मळमळते, गरगरते, आणि आपण म्हणतो, "थंडी बाधली." ताप नसताना घरातल्या दोघा-तिघांना एकदम असे होत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर सर्दी-पडशाचा विचार सोडा. सगळ्यांना घराबाहेर काढा आणि ९११ ला फोन करा.

रिमोट स्टार्टर आणि बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांनी धोक्यात भर घातली आहे. खिशातला रिमोट चुकून दाबला जातो आणि बंद गराजमध्ये गाडी सुरू होते. हायब्रिड गाडी तर आवाजच करत नाही. ती 'चालू' अवस्थेत गराजमध्ये राहिली, तर बॅटरी उतरताच इंजिन आपले आपण सुरू होते आणि घरच्यांना पत्ता नसतो. वयस्कर मंडळींच्या हातून असे घडण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्यांच्यावर न रागावता हे समजावून सांगायला हवे. बर्फात उभ्या गाडीचे निराळेच. जानेवारी २०१६ च्या हिमवादळात न्यू जर्सीतील पसेइक गावी वडील गाडीभोवतीचे बर्फ काढत होते. आई आणि दोन लहान मुले उबेसाठी सुरू गाडीत बसली होती. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले होते. त्या तिघांपैकी कोणीही वाचले नाही. गाडी सुरू करण्याआधी मागे जाऊन ते तोंड मोकळे करावे आणि बर्फ काढून होईपर्यंत कोणाला आत बसवू नये. घराच्या प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. पिझ्झाच्या एका संध्याकाळीपेक्षा तो फारसा महाग नाही.

पैशाचा हिशेबही मांडू, आणि तो प्रामाणिकपणे मांडू. उभी गाडी तासाला साधारण पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल पिते. सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस, सोळा आठवडे धरले तर ४० तास होतात. म्हणजे १० ते २० गॅलन. गॅलनला तीन डॉलर धरले तर ३० ते ६० डॉलर, आणि दोन गाड्यांचे दुप्पट. ही रक्कम काही कोणाला भिकेला लावणारी नाही. पण एवढे पैसे देऊन आपण इंजिनाचे नुकसान विकत घेतो, हा माझा आक्षेप आहे.

खरा पैसा तेलात आहे, आणि तिथे आपण दोन्ही बाजूंनी चुकतो. एक वर्ग दर ३००० मैलांनी तेल बदलतो, कारण दुकानदार काचेवर तसे स्टिकर लावतो. हा आकडा जुन्या इंजिनांचा आणि जुन्या तेलाचा आहे. आज बहुतेक कंपन्या ५००० ते १०००० मैल सांगतात. कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वापर खात्याने तर ३००० मैलांची समजूत घालवण्यासाठी खास मोहीम चालवली. वर्षाला १२००० मैल चालणाऱ्या गाडीचे तेल चारऐवजी दोनदा बदलले आणि सिंथेटिक तेलाच्या एका बदलाला ८० डॉलर धरले, तर एका गाडीमागे वर्षाला १६० डॉलर वाचतात. दोन गाड्या, दहा वर्षे: ३२०० डॉलर. भारताचे एक तिकीट सहज निघेल.

दुसरा वर्ग याच्या उलट. "सिंथेटिक आहे, दहा हजार मैल चालते," म्हणून हे लोक निर्धास्त राहतात. निवृत्त झालेली आपली पुष्कळ मंडळी यात येतात. गाडी वर्षाला चार हजार मैल चालते, तीही ग्रोसरी, देऊळ आणि नातवंडांची शाळा इतकीच. मैल कमी म्हणून तेल चांगले, असा त्यांचा समज. पण पुस्तिकेत 'सिव्हिअर' म्हणजे कठीण वापराची जी यादी असते ती वाचा. गोठणबिंदूखालच्या तापमानात वारंवार छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, ट्रेलर ओढणे आणि, लक्षात घ्या, इंजिन दीर्घकाळ उभ्या उभ्या चालू ठेवणे! म्हणजे जो काळजी म्हणून रोज अर्धा तास गाडी तापवतो, त्याला कंपनी गाडी कष्टवणाऱ्यांत मोजते. अशा वापराला अंतर निम्मे धरायचे. आणि मैल कितीही कमी असोत, पुस्तिकेतली महिन्यांची मर्यादा पाळायची. 'सहा महिने किंवा पाच हजार मैल, जे आधी येईल ते' यातले पहिले दोन शब्द आपण विसरतो. अशा मंडळींनी आठवड्यातून एकदा तरी अर्ध्या तासाची सलग फेरी मारावी. तेलातले पाणी उडते आणि आपलेही मन रमते.

महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहणे हा या सगळ्यातला फुकटचा उपाय. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा, पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. बहुतेक गाड्यांत या दोन खुणांतले अंतर सुमारे एक क्वार्टचे असते. कमी असेल तर थोडे थोडे घाला. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका, नाहीतर तेल घुसळून त्याचा फेस होतो. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नका, घाण धरून ठेवणे हेच त्याचे काम. पण न घालता पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर मेकॅनिककडे जा. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर तेलात पाणी किंवा कूलंट आहे, मग अजिबात वेळ घालवू नका. जुन्या कोरोला-कॅमरी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना तर मी हात जोडून सांगतो. दीड लाख मैल झालेली गाडी तेल 'खाते', आणि तेल बदलण्याच्या आधीच ते संपू शकते.

आणि तो लाल दिवा! तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लागला म्हणजे "कधीतरी तेल बदला" असा निरोप नव्हे. तेलाचा दाब गेला, असा त्याचा अर्थ. बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो ट्रक बोलवा. "पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ" म्हटले तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते, आणि त्याचा खर्च काही हजार डॉलर असतो. तेल बदलण्याची आठवण देणारा दिवा वेगळा, बहुधा पिवळा, पाना किंवा अक्षरे असलेला. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला या दोन दिव्यांतला फरक माहीत असलाच पाहिजे.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे. "मी तीस वर्षे गाडी पंधरा मिनिटे तापवतो, दर तीन हजारांना तेल बदलतो आणि माझी गाडी अडीच लाख मैल चालली." चालली असेल. वारंवार तेल बदलल्याने इंजिन बिघडत नाही, फक्त पैसे जातात. किंबहुना तापवण्याने बिघडलेले तेल लवकर बदलून तुम्ही स्वतःच्याच सवयीचा दंड भरत आला आहात. गाडी तुमच्या नियमित तेलामुळे टिकली, तापवण्यामुळे नव्हे. आणि थंडीत उबदार सीट हवी, हे कारण असेल तर तसे सरळ म्हणा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गाडी गराजबाहेर, मोकळ्या हवेत, पाच मिनिटे चालवा. पण ते सुख आपले आहे, इंजिनाच्या नावावर खपवू नका. न्यूयॉर्क शहरात तीन मिनिटांपेक्षा जास्त आणि शाळेजवळ एका मिनिटापेक्षा जास्त वेळ गाडी उभी चालू ठेवायला बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या. इतर गावांचे नियम वेगळे आहेत, आपापल्या गावचे पाहून घ्या.

तेल निवडताना महागड्या नावाच्या मागे लागू नका. पुस्तिकेतला आकडा जुळावा आणि डब्यावर एपीआयचे चिन्ह असावे, एवढे पुरे. "जाड तेल चांगले" ही जुनी समजूत इथे उलटी पडते. दुकानात मिळणारी 'इंजिन फ्लश' आणि जादूची औषधे मी घेत नाही, बहुतेक कंपन्याही ती सांगत नाहीत. वॉरंटीसाठी डीलरकडेच तेल बदलले पाहिजे असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने तशी सक्ती करता येत नाही. घरी बदलले तरी चालते, फक्त तेलाच्या आणि फिल्टरच्या पावत्या तारीख-मैलांसह जपून ठेवा. आणि काढलेले तेल गटारात ओतू नका. एक गॅलन तेलाने दहा लाख गॅलन पाणी खराब होऊ शकते. ऑटो पार्ट्सची बरीच दुकाने ते फुकट घेतात.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना. दिवाळीच्या कार्यक्रमाला दोनशे माणसे आणि शंभर गाड्या एकत्र येतात. जेवणानंतर अर्धा तास पार्किंग लॉटमध्ये डिपस्टिक कशी पाहायची, हे आपल्यातल्याच जाणकारांनी दाखवावे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना, आणि नवरा गाडी बघतो म्हणून आजवर बॉनेट न उघडलेल्या भगिनींना आवर्जून बोलवावे. प्रत्येक घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांनी संपादकांना जरूर लिहावे. पण लिहिण्यापूर्वी ग्लोव्ह कंपार्टमेंटमधली ती पुस्तिका एकदा काढून वाचावी.